फक्त ओळी सरळ केल्या

काकूंचा फोन आला तेव्हा मी समासाबाहेर गेलेली एक ओळ आत ओढत होते. ओळ अमरावतीच्या कुणा पोराच्या प्रबंधातली होती आणि ती अडीच मिलिमीटर बाहेर आली होती. कुणाच्या बापाला दिसलं नसतं. मला दिसतं. हाच माझा धंदा आणि हेच माझं दुखणं. गोंदियाच्या बसस्टँडमागे गुलाबचंदभाऊंचं कॉम्प्युटर सेंटर आहे. पुढे झेरॉक्स, आधार कार्ड, भरतीचे फॉर्म, आणि मागे पंख्याखाली मी, रचना, एम.एस्सी. गणित, नेटची परीक्षा दोनदा थोडक्यात हुकलेली, लोकांची गणितं लेटेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये टाइप करून देणारी. "रचना, येतेस का वो तू?" सुमनकाकू गोरेगावहून बोलत होत्या, दबक्या आवाजात, म्हणजे सर जवळच होते. "तुझे सर सकाळपासून मले सतराचा पाढा म्हणून दाखवून राहिले." मी विचारलं, काऊन काकू. "डोकं तपासून राहिलो म्हणतात. सतरा साते एकशे एकोणीस, आन् मंग मले पुसतात, बरोबर हाय का सुमन? मले काय माहीत बाई. मी आपली हो म्हणते. काल तेवीसचा म्हणला, त्यालेबी हो म्हटलं. आता मलेच भेव लागून राहिलं, ते चुकले असन आन् मी हो म्हटलं असन त?" मग म्हणाल्या, दोन दिवस झाले, नुसत्या चहावर आहेत, मुलानं, हिमांशूनं, रायपूरहून फोन करून उद्याचा नागपूरचा डोक्याचा डॉक्टर ठरवला आहे. "तू येऊन एक डाव त्यायले चूक दाखवून दे. सापडली का तुले?"

"पाहून राहिली, काकू," मी म्हटलं. शुक्रवारीही हेच म्हटलं होतं.

चूक मला सापडली होती. मागच्या गुरुवारी, दुपारी चार वाजता. आणि चूक माझी होती. आज बुधवार. हे एवढं साधं वाक्य सहा दिवस माझ्या टाळूला चिकटून बसलं होतं, ना गिळता येत होतं ना थुंकता. फोन ठेवला तर डाव्या डोळ्याची पापणी फडफडायला लागली. पर्स उचलली. गुलाबचंदभाऊंनी काउंटरवरून मान वर केली. "कहाँ चली, बेटा? वो अमरावतीवाला एक बजे फोन करेगा." मी म्हटलं, सर के यहाँ, गोरेगाव. सर म्हटल्यावर ते कधी अडवत नाहीत; केवळराम सरांनीच मला त्यांच्याकडे लावलं होतं, पाच वर्षांपूर्वी, स्वतः सोबत येऊन. या पोरीच्या हातचं एकदा गेलं की पुन्हा बघावं लागत नाही, असं म्हणाले होते. भाऊ ते वाक्य गिऱ्हाइकांना अजून सांगतात. मी मागे बसून ऐकते आणि आतून फुगते, फुगत होते म्हणायला हवं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. खिडकीला दोन आडव्या सळया होत्या आणि मी सवयीनं बाहेरची क्षितिजाची रेघ वरच्या सळईला लावून बघत होते. बस हलली की बिघडायचं. हा चाळा मला कॉलेजपासून आहे, आणि तो सरांमुळेच लागला. फळ्यावर सर कितीही लांब गणित सोडवू देत, बरोबरचं चिन्ह बरोबरच्या चिन्हाखालीच यायचं. अकरा ओळी असल्या तर अकरा. मागे वळून, पोरांशी बोलत बोलत, न बघता हात बरोबर त्या जागी टेकायचा. लेटेकमध्ये हेच करायला वेगळी युक्ती असते. समीकरण पडद्यावर आपोआप दिसत नाही, आज्ञा लिहाव्या लागतात. प्रत्येक ओळीत बरोबरच्या चिन्हाआधी एक खूण ठोकायची, दुकानाच्या पाटीवर 'अँड सन्स'मध्ये असते ती वाटोळी, आणि ओळ संपली की दोन तिरप्या रेघा. छापताना ती खूण दिसत नाही, पण सगळ्या ओळी तिथं येऊन एकाखाली एक उभ्या राहतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी आईला पडदा दाखवला होता. आई पन्नास रोवण्या केलेली बाई. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, या कडेच्या धुऱ्यापासून त्या कडेच्या धुऱ्यापर्यंत दोरी ताणायची आणि दोरीच्या कडेकडेनं धान रोवत जायचं, मग दोरी काढून घ्यायची; तिला लगेच कळलं. ती म्हणाली, हे त दोरीच झाली. आणि मग तिरकं हसून म्हणाली, "पण बाई, सरळ रोवलं म्हून धान काही जास्त पिकत नाही." मला राग आला होता. तिच्या बोलण्याचा मला नेहमी दोन-चार वर्षं उशिरा पत्ता लागतो.

सरांचा निबंध म्हणजे एका मालिकेच्या बेरजेचं सूत्र. निवृत्तीनंतरची नऊ वर्षं त्यांनी त्यात घातली, शेजारी लोक कायले एवढं डोकं शिणवता म्हणत असताना. हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत, निळ्या शाईनं, बरोबरखाली बरोबर. ते सगळं मी टाइप केलं. सरांची एक लकब आहे. ओळ कागदात मावली नाही की ते तोडताना जे चिन्ह आलं असेल ते ओळीच्या शेवटी लिहितात आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला तेच पुन्हा लिहितात. शेवटी वजा, पुढं परत वजा. ते दोन नसतात, एकच असतं. त्यांच्या गुरुजींनी शिकवलेलं, कारण वाचणाऱ्याच्या हातून ओळ बदलताना चिन्ह सांडतं, म्हणून दोन्ही काठांना धरून ठेवायचं. आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. मला तर होतंच. चाळीस पानांत असं कितीतरी ठिकाणी आलं आणि मी प्रत्येक ठिकाणी दुसरं चिन्ह गाळून टाकलं. फक्त चौदाव्या समीकरणात नाही. तिथं ओळ पानाच्या तळाशी तुटली होती. पहिलं वजा त्या पानाच्या शेवटी, दुसरं पुढच्या पानावर, आणि मधे माझा एक शनिवार-रविवार गेला होता. सोमवारी पान उलटून मी वजापासून सुरुवात केली. प्रिंट काढून सरांना दिली, त्यांनी लाल पेनानं एकूण एक ओळ तपासली, चौदाव्यावर बरोबरची खूण केली. त्यांना एका ओळीच्या शेवटी एक आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एक असे दोन वजा दिसले, आणि त्यांच्या डोळ्याला ते एकच होते. तिथपर्यंत दोघंही निभावलो असतो.

गोरेगावच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेलं धान शेतात आडवं पडलेलं होतं, वाळायला. बाया वाकून पेंढ्या बांधत होत्या. मला दिसत होतं ते सगळं, पण एखाद्या परक्याच्या मोबाइलवर बघावं तसं. मी मनात वाक्य बांधत होते. सर, माझ्याकडून एक झालं. सर, रागावू नका. सर, ते चिन्ह. निबंध गणिताच्या नियतकालिकाकडे पाठवायचा शेवटचा दिवस आठवत होता. त्यांचा छपाईचा साचा आमच्या कागदापेक्षा अरुंद निघाला, आणि सगळ्या लांब ओळी पुन्हा तोडाव्या लागल्या. चौदाव्या समीकरणाची ओळ मी दुसरीकडे तोडली, तर ते दोन्ही वजा सरकून एकाच ओळीत शेजारी शेजारी आले. वजा वजा कंस. भयंकर दिसत होतं. माझी पापणी तेव्हाही फडफडली असेल. मी विचार केला का? नाही केला. शाळेतलं पोर करतं ते केलं. वजा वजा अधिक. खोडायचं बटण दोनदा, अधिकचं बटण एकदा. आणि काय सुंदर बसली ओळ. अकरा बरोबर एकाखाली एक, समास कोरा. मी मागे टेकून ते पान बघत चहा प्यायले, हे मला आठवतं, चहात आलं होतं. सरांचा फोन आला, नवीन प्रिंट बघायला येऊ का म्हणाले. बसनं येणार, पुन्हा जाणार, गुडघे दुखतात त्यांचे. मी म्हटलं, कायले येता सर, आत कुठंच हात लावला नाही, फक्त ओळी सरळ केल्या.

नियतकालिकाचं उत्तर माझ्याच ईमेलवर आलं, कारण सरांना ईमेल नाही. निबंध परत. परीक्षकानं लिहिलं होतं की चौदाव्या समीकरणाच्या तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं आहे आणि पुढचं सगळं त्यावर उभं असल्यानं निष्कर्ष टिकत नाही. मी तसंच्या तसं सरांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरं, पाहतो मी. दुपारी फाइल उघडली आणि मला ते अधिक दिसलं. तेव्हा लगेच फोन करायचा होता. पण मी स्वतःशी म्हटलं, सर वही बघतील, वहीत बरोबर आहे, मग म्हणतील छापलेलं आण, आणि ते आपोआपच बाहेर येईल, मला तोंड उघडावं लागणार नाही. त्यांच्याकडे छापलेलं आहे ते जुनं, दोन वजांचं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सरांनी वही बघितली, बरोबर. जुनी प्रिंट बघितली, बरोबर. आणि परीक्षक म्हणतो चूक आहे. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, परीक्षकाचं डोकं फिरलं. सर म्हणाले, मला चूक दिसत नाही म्हणजे माझंच गेलं. याला कारण आहे. त्यांचे मोठे भाऊ शेवटच्या दिवसांत एका पायात चप्पल घालून बाजारभर फिरायचे आणि स्वतःच्याच घराचं दार वाजवून पुसायचे, इथं कोण राहतं. सरांनीच सांभाळलं त्यांना. हे मला माहीत होतं. माहीत असून मी सहा दिवस गप्प बसले आणि पोराटोरांचे प्रबंध सरळ करत राहिले. भित्री आहे मी, दुसरं काय. लोक आपल्याला हुशार म्हणतात त्याची चटक लागली की माणूस भित्रं होतं.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला चाचणीत माझं एक उत्तर येईना. शेवटून दुसऱ्या ओळीत मी गुपचूप एक चिन्ह फिरवलं आणि उत्तर आणलं. खाली दोन रेघा मारल्या, पट्टीनं. सरांनी पेपर परत दिला तेव्हा गणितावर फुली नव्हती. त्या चिन्हाभोवती लाल गोल होता आणि समासात एक शब्द लिहिला होता, 'जुळवलं'. वर्गात काही बोलले नाहीत. तास संपल्यावर व्हरांड्यात थांबवून म्हणाले, "चुकलं त चुकलं म्हणून सोडून द्यावं, रचना. चुकीतून वापस येता येते. जुळवल्यातून नाही येत." मी एकोणीस वर्षांची होते, मान खाली घालून उभी, आणि मनात म्हणत होते की एवढा मोठा पेपर, यांना नेमकं तेच कसं दिसलं. असं बघणारा माणूस आता घरात बसून सतराचा पाढा तपासत होता.

सर घरापुढच्या छपरीत खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली. समोर स्टुलावर हिरवी वही, जुनी प्रिंट, आणि एक पोरांची पाटी, तिच्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहून पुसलेलं. "आली का तू," ते म्हणाले. "बस. बरं झालं आली. एक पत्र घ्यायचं हाय लिहून." काकू दारात उभ्या राहिल्या, मला डोळ्यांनी विचारत. मी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून मलाच कळलं नाही. सर पत्र सांगायला लागले. फळ्याजवळ सांगायचे तसंच, थांबत थांबत, स्वल्पविरामासकट. "महोदय, आपल्या परीक्षकांनी दाखवलेली चूक मला मान्य आहे. माझ्या वयोमानामुळे ती मला दिसत नाही, हे कळवण्यास मला," इथं थांबले. "खेद होतो लिहू का संकोच होतो? संकोच लिही. निबंध मी परत घेतो. वही हिमांशूजवळ देऊन टाकीन, त्याच्या पोराले रफ कामाले होईल." मोबाइल माझ्या हातात होता. वयोमानामुळे एवढं टाइप झालं होतं. आणि बसमध्ये बांधलेलं एकही वाक्य आलं नाही. मी म्हटलं, "सर, वहीतलं बरोबर आहे. तिथं अधिक मी केलं."

त्यांना कळलं नाही. मी पाठवलेली फाइल मोबाइलवर उघडून, चौदावं समीकरण बोटांनी मोठं करून त्यांच्या पुढ्यात धरलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग खाली ठेवून वहीचं पान उलटलं. मग प्रिंट. वही, प्रिंट, मोबाइल तिन्ही शेजारी शेजारी मांडून, तिन्ही ओळी एका रेषेत आणून ते बघत राहिले. मी त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. "दोन वजा," ते म्हणाले. "हो सर." "एक या पानावर, एक त्या पानावर. माझीच खोड." "हो सर." "आन् तू त्यायचं अधिक केलं." "हो." ते हसायला लागले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी येऊन दाढीत जात होतं. त्यांनी ते पुसलंही नाही. "सुमन," ते म्हणाले, "वाढ मले. आन् हिमांशूले सांग, उद्याचं नागपूर राहू दे म्हणा. माझं काही नाही गेलं." मग माझ्याकडे वळून, इतक्या मायेनं की मला तिथून पळून जावंसं वाटलं, "आज सकाळी सापडलं असन तुले. म्हणून धावत आली, नाही?"

आणि मी मान हलवली. यावेळी मला कळत होतं की हो म्हणून हलवली.

मी काकूंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले, मदतीच्या निमित्तानं. त्या पातेल्यावरचं झाकण काढून भात ताटात घेत होत्या, माझ्याकडे पाठ. "मी शुक्रवारी फोन केला, तवाच तुले माहीत होतं ना?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पुसत होत्या नुसतं. मी म्हटलं, "गुरुवारपासून." पळी थांबली. "म्हणजे सहा दिवस मी त्यायच्या पाढ्याले हो म्हणून राहिली." बाहेरून सरांनी पाणी मागितलं. काकूंनी भातावर वरण घातलं, कडेला लाखोरीची भाजी ठेवली, ताट उचललं आणि दाराशी थांबल्या. "आता जेवू दे त्यायले. मंग सांगायचं त सांग, नसन सांगायचं त नोको सांगू, तुझं तू पाहा. पण जेवताना नोको."

सर मांडी घालून जेवायला बसले. पहिला घास तोंडात घालून क्षणभर डोळे मिटले. मग घासाघासागणिक बोलायला लागले; पत्र आता नवीन लिहायचं, चिन्ह दुरुस्त करून निबंध परत पाठवायचा, आणि शेवटच्या आभारात एक ओळ घालायची, आत्ताच घे म्हणाले, नाहीतर विसरशील. "चौदाव्या समीकरणातील चूक वेळेवर शोधून दिल्याबद्दल माझी विद्यार्थिनी रचना हिचा मी ऋणी आहे. वेळेवर लिहिलं का?" मी म्हटलं, लिहिलं. लिहिलं होतं. पडद्यावर तो शब्द दिसत होता, सरळ, नीट, समासाच्या आत. कुणाला काही दिसलं नसतं. काकू कधीच बोलल्या नसत्या. मी त्या ओळीकडे बघत राहिले, आणि एकदम मला व्हरांडा आठवला नाही, लाल गोल आठवला नाही, फक्त काकू आठवल्या, हातातलं काम टाकून, काहीही न समजता, सतरा साते एकशे एकोणीस बरोबर आहे असं नवऱ्याला सांगणाऱ्या. "झाल्यावर इथं ताटाजवळ ठेव," सर म्हणाले. "हात धुतले का वाचतो मी." सर न वाचता काही सोडत नाहीत. मी ती ओळ पुसून टाकली. तिच्या जागी लिहिलं, सर, चूक मला मागच्या गुरुवारी दुपारी चार वाजताच सापडली होती. मी सांगितलं नाही. आज सकाळी सापडल्याचं मी जुळवलं. मोबाइल त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. थोड्या वेळानं पडदा आपोआप विझला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. सरांनी वरणाचं बोट चाटलं आणि आणखी भात मागितला.